कुठली राइड पोटात उतरते, कुठली डोक्यात चढते : थीम पार्कात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फाटकातून आत शिरलं की नवखा माणूस मान वर करून सगळ्यात उंच काय आहे ते शोधतो आणि मनाशी ठरवून टाकतो, तेवढं सोडून बाकी सगळं चालेल. घोळ तिथंच होतो. चाळीस मीटर उंचीच्या रोलर कोस्टरवरून, म्हणजे रुळांवर चढ-उतार घेत सुसाट धावणाऱ्या गाडीतून, हसत उतरलेली माणसं जमिनीपासून जेमतेम हातभर वर गरगरणाऱ्या कपबशीत बसून पांढरीफटक पडतात. राइड किती उंच आहे यापेक्षा ती तुमच्या शरीराशी नेमकं काय करते, हे कळलं तर दिवस मजेत जातो आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात.

उदाहरणं मुख्यतः खोपोलीजवळच्या इमॅजिकातली घेतो. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात राइडच्या बहुतेक जातींचा एकेक नमुना सापडतो. आधीच्या पिढीची ओळख १९८९ साली सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून झाली, आणि त्याच्याही आधीच्यांची गावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यापासून. नियम मात्र सगळीकडे तेच.

पायरी १ : आपल्याला काय सोसत नाही ते ओळखा

सगळ्या राइड्स मिळून शरीराशी चारच गोष्टी करतात. खाली सोडतात, तेव्हा पोटात गोळा येतो. दाबतात, तेव्हा अंग जड होतं. गरगर फिरवतात, तेव्हा भोवळ येते. आणि डोळ्यांना एक दाखवून कानाला दुसरंच सांगतात (अंग हलतंय की स्थिर आहे ते मेंदूला कानातूनच कळतं), तेव्हा मळमळतं. प्रत्येक माणसाला यातली एखादी गोष्ट सोसत नाही, बाकीच्या चालतात. तुमची कुठली, ते घरबसल्या कळू शकतं.

घाटात गाडी लागते का? लागत असेल तर गरगरणाऱ्या आणि पडद्यावरच्या राइड्स तुमच्या वैरी. उंचावरून खाली सोडणारा मनोरा किंवा मोठा कोस्टर कदाचित अगदी सुखाचा जाईल, कारण तिथं डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत असतात.

गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की पाय लटपटतात का? मग गंमत अशी, की साधा आकाशपाळणा तुम्हाला कोस्टरपेक्षा जास्त छळेल. तो संथ असतो, वर जाऊन थांबतो आणि खाली बघायला भरपूर वेळ देतो.

झोपाळा मागे जाऊन परत फिरताना पोटात कसंसं होतं का? तर मनोरा आणि झुलती बोट शेवटी ठेवा, किंवा ठेवूच नका.

आणि एक यादी अशी आहे जिच्यावर वाद घालायचा नाही. गरोदरपण, हृदयाचा त्रास, मान-पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. प्रत्येक जोरदार राइडच्या तोंडाशी हे लिहिलेलं असतं. "काही होत नाही, आमचा काका बसला होता" हा पुरावा धरू नका.

पायरी २ : रांगेत शिरण्याआधी एक पूर्ण फेरी बघा

बहुतेक राइड्स दीड ते तीन मिनिटांत संपतात. तेवढा वेळ बाहेर उभं राहून बघणं हा नवख्या माणसाचा सगळ्यात चांगला अभ्यास. बघायचं काय, तर आधी माणसांना बांधलं कसं आहे ते. मांडीवर नुसता दांडा येत असेल तर राइड बहुधा उलटी होत नाही. खांद्यावरून जाड हार्नेस, म्हणजे अंग आसनाला धरून ठेवणारी चौकट, उतरत असेल आणि त्याला पोटाशी पट्टाही असेल, तर उलटं होण्याची किंवा जोरात फेकलं जाण्याची तयारी ठेवा. हा नियम शंभर टक्के खरा नाही. हल्लीचे काही कोस्टर मांडीवरच्या दांड्यावरच उलटे फिरवतात. पण अंदाजापुरता पुरतो.

मग उतरणाऱ्यांचे चेहरे बघा. ओरडण्यावरून काही कळत नाही, लोक उगाचही ओरडतात. पण उतरल्यावर बाकावर टेकणारे जास्त दिसले, की समजा ही राइड डोक्यात चढणारी आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर उंचीच्या पट्टीशी भांडू नका. "दोनच सेंटीमीटर कमी आहे हो, तो घाबरत नाही" असं सांगणारे आई-बाप प्रत्येक पार्कात दिसतात, आणि कर्मचारी बिचारा तेच तेच सांगून थकलेला असतो. ती पट्टी धीटपणा मोजत नाही. हार्नेस अंगाला कुठं टेकतो आणि मूल खालून किंवा बाजूनं निसटू शकतं का, याचा तो हिशेब आहे. बूट घालून टाचा उंचावल्यानं हार्नेस मोठा-लहान होत नाही.

ओढणी, मोकळे केस, सैल चप्पल, खिशातला मोबाइल, चष्मा यांचा बंदोबस्त रांगेत असतानाच करा. चष्म्याला मागून दोरी बांधली की काम होतं. मोबाइल लॉकरमध्येच बरा.

पायरी ३ : चढता क्रम लावा

पहिल्याच राइडला हिंमत दाखवायची काही गरज नाही. खाणीतल्या आगगाडीसारखा कुटुंबासाठीचा कोस्टर, इमॅजिकात गोल्ड रश एक्स्प्रेस, हा सुरुवातीला उत्तम. वळणं आणि छोटे उतार कसे लागतात ते कळतं. मग मधली एखादी, आणि मग नायट्रो, म्हणजे तिथला उलटं फिरवणारा मोठा कोस्टर. गरगरणाऱ्या राइड्स जेवणाआधी उरका. मात्र उपाशीपोटीही जाऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. पोहे-उपमा चालेल. कट मारलेली मिसळ परतीच्या वाटेवर.

पायरी ४ : रोलर कोस्टर समजून घ्या

इथं जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत.

पहिला प्रश्न, गाडी वर कशी जाते? जुनी पद्धत साखळीची. गाडी चढावर हळूहळू ओढली जाते, खालून टकटक आवाज येतो. अनेकांना वाटतं काहीतरी मोडतंय. तो आवाज गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांचा. एकेका दात्यावर ती खिट्टी पडत जाते. माथ्यावरून सुटल्यावर बहुतेक कोस्टरना इंजिन नसतं. पुढचा सगळा प्रवास त्या एका उंचीच्या कमाईवर चालतो, म्हणूनच नंतरच्या टेकड्या क्रमानं लहान होत जातात. चाळीस मीटर खाली आलेली गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचते, मग आत पहिलवान बसलेत की शाळेतली पोरं, वेगात फारसा फरक पडत नाही.

दुसरी पद्धत लाँचची. रुळात बसवलेल्या विद्युतचुंबकी मोटारी गाडीला सपाटीवरच झपकन पुढं ढकलतात. इमॅजिकातली डीप स्पेस ही या प्रकारची, आणि वरून बंद इमारतीत, अंधारात. साखळीच्या कोस्टरमध्ये चढताना मनाची तयारी करायला वेळ मिळतो, लाँचमध्ये मिळत नाही. वाट बघणंच ज्यांना जड जातं, त्यांना लाँच सोपा वाटतो. अंधाराचं मात्र वेगळं गणित. पुढचं वळण दिसलं तर मान आणि कंबर आपोआप आवळल्या जातात. दिसलं नाही तर शरीर गाफील सापडतं. म्हणून कमी उंचीचा अंधारातला कोस्टर उघड्यावरच्या मोठ्या कोस्टरपेक्षा भेदक वाटू शकतो.

नायट्रो फ्लोअरलेस जातीचा आहे. बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीनं बनवलेला. पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळतात. उंची सुमारे चाळीस मीटर, आणि वाटेत पाच वेळा उलटं व्हावं लागतं. ऐकून धडकी भरते, पण खरं सांगायचं तर उलटं होणं हा त्यातला सोपा भाग आहे. लूपमध्ये, म्हणजे रूळ उभा वेटोळा घेतो तिथं, तुम्ही लटकत नाही, वेगामुळे आसनात दाबले जाता. जुन्या काळी तसं नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ साली फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाचा कोस्टर सुरू झाला, त्याचा लूप पूर्ण गोल होता. गोल लूपमध्ये शिरताक्षणी सगळा दाब एकदम येतो, त्यानं लोकांच्या माना आखडायच्या. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये पोलादी रुळांवरचा आधुनिक लूप आला, तो थेंबाच्या आकाराचा, वर निमुळता आणि खाली पसरट. त्यामुळे दाब हळूहळू वाढतो. आजचे लूप त्याच वळणाचे. पोटात गोळा आणणारं ठिकाण लूप नसून माथ्यावरून गाडी खाली वळते ते आहे. आसनावरून अंग किंचित उचललं जातं, त्याला शौकीन लोक एअरटाइम म्हणतात आणि त्यासाठीच तासन्‌तास रांगेत उभे राहतात.

गाडी रुळावरून उडणार नाही ना? नाही. चाकं तीन बाजूंना असतात, रुळाच्या वर, बगलेला आणि खालून. खालून पकडणाऱ्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्यानं १९१९ च्या सुमारास घेतलं आणि तिथून पुढं कोस्टर खरोखर उंच आणि उभे होऊ लागले.

आता आसन कुठलं घ्यायचं. संपूर्ण गाडीचा वेग एका क्षणी एकच असतो, फरक पडतो तो त्या वेगाला तुम्ही रुळावर कुठं आहात याचा. माथा ओलांडताना गाडी सगळ्यात हळू कधी असते? तिचा मधला भाग माथ्यावर असतो तेव्हा. त्या वेळी पुढची ओळ उतारावर ओणवी होऊन लटकलेली असते, खालचं सगळं दिसत असतं आणि गाडी काही सुटत नाही. मागची ओळ माथ्यावर येईपर्यंत पुढच्या डब्यांनी वेग धरलेला असतो, त्यामुळे ती अक्षरशः खेचली जाते. म्हणजे पुढं बसलात तर डोळ्यांना भीती, मागं बसलात तर पोटाला. पहिल्या फेरीला मधली ओळ मागा. पुढच्या ओळीसाठी वेगळी रांग असेल तर ती दुसऱ्या फेरीला.

बसल्यावर डोकं मागे टेकवा, मान ताठ पण आवळलेली नको, डोळे उघडे आणि नजर रूळ जिकडे वळतोय तिकडे. डोळे मिटले तर मळमळ वाढते.

मध्येच गाडी ब्रेकवर किंवा चढावर थांबली तर घाबरू नका. रुळाचे विभाग पाडलेले असतात आणि पुढच्या विभागातली गाडी निघाल्याशिवाय मागचीला आत सोडत नाहीत. फलाटावर कुणाचा पट्टा लागायला उशीर झाला तरी मागची गाडी थांबते.

पायरी ५ : पडणाऱ्या आणि झुलणाऱ्या

मनोरा ही सगळ्यात प्रामाणिक राइड. वर नेतात, सोडतात. इमॅजिकात डेअर टू ड्रॉप आहे. वीस मीटर मोकळं पडायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात वेग ताशी सत्तरवर जातो, म्हणजे खरा अनुभव दोन सेकंदांचा, बाकी सगळी वाट बघण्याची शिक्षा. या प्रकारच्या बहुतेक मनोऱ्यांत ब्रेक चुंबकाचे असतात. चुंबकाजवळून धातूची पट्टी वेगानं गेली की तिच्यात वीज खेळते आणि तीच तिला मागे ओढते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे दिवे गेले तरी ब्रेक लागतातच. बसल्यावर पाठ आणि डोकं आसनाला चिकटलेलं असू द्या, आणि श्वास रोखण्याऐवजी सोडा. ओरडलात तर आपोआप सुटतो.

काही मनोरे खाली सोडण्याऐवजी हवेच्या दाबानं वर उडवतात. त्यात दणका सुरुवातीला बसतो आणि गोळा वरच्या टोकाला येतो. बाहेरून दोन्ही मनोरे सारखेच दिसतात, म्हणून एक फेरी बघायचीच.

झुलणाऱ्या राइडमध्ये एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तळातून जाताना अंग किती जड होईल, हे दांडा किती लांब आहे यावर अवलंबून नसतं, झोका किती कोनातून येतो यावर असतं. साठ अंशांतून आला तर वजन दुप्पट जाणवतं, नव्वदातून आला तर तिप्पट, मग तो जत्रेतला लहान झोका असो की इमॅजिकातल्या स्क्रीम मशीनसारखा अजस्र. मोठ्या दांड्यानं फरक पडतो तो वेळेचा. वरच्या टोकाला हलकं वाटणं जास्त वेळ टिकतं, आणि ज्यांना तेच सोसत नाही त्यांना तो वेळ युगासारखा वाटतो. स्क्रीम मशीन झुलता झुलता फिरतेही, तेव्हा डोकं आणि पोट दोघांचीही परीक्षा. बोटीच्या आकाराच्या झोक्यात मात्र निवड तुमच्या हातात असते. दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त, मधोमध सगळ्यात कमी. आजीला मध्ये बसवा.

पायरी ६ : फिरणाऱ्या राइड्सना हलकं समजू नका

नवखे इथंच फसतात, कारण या राइड्स रंगीत, बुटक्या आणि मुलांच्या दिसतात. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार तीन नळ्या असतात, त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला फिरणं कळतं. ग्लासातलं पाणी चमच्यानं ढवळून चमचा काढला तरी ते फिरत राहतं, तसा हा द्रवही तुम्ही थांबल्यावर थोडा वेळ चालूच असतो. पाय जमिनीवर, डोळ्यांसमोर स्थिर झाड, आणि कान म्हणतो अजून फिरतोय.

उपाय साधे आहेत. कपबशीत मधलं चाक कुणी फिरवायचं ते आधी ठरवा. उत्साही भाच्याच्या हाती दिलंत तर भोगा. नजर आजूबाजूच्या पळत्या दृश्यावर न ठेवता समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर ठेवा, तो तुमच्याबरोबरच फिरत असल्यामुळे स्थिर दिसतो. अशा दोन राइड्स लागोपाठ करू नका. गाडी लागण्यावरची गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही.

साखळीला टांगलेल्या खुर्च्यांचा पाळणा त्यातल्या त्यात सौम्य, कारण सगळं एकाच संथ गतीत चालतं. तिथं एक बघण्यासारखं असतं. रिकामी खुर्ची आणि शंभर किलोचा गृहस्थ बसलेली खुर्ची, एकाच रांगेत असल्या तर जवळजवळ सारख्याच बाहेर झुकतात.

पायरी ७ : पडद्यावरच्या राइड्स

सिम्युलेटरमध्ये खुर्ची प्रत्यक्षात हात-दोन हातच हलते, बाकी सगळं पडदा करतो. वेग वाढल्याचा भास द्यायला खुर्ची हळूच मागे कलते आणि कान त्या कलण्याला वेग समजतो. पडदा आणि खुर्ची यांचा मेळ नीट बसला तर माणूस चकित होतो, किंचित चुकला तर पोट ढवळतं. भारतावरून उडवून आणणाऱ्या, इमॅजिकातल्या आय फॉर इंडियासारख्या राइड्स त्या मानानं सुसह्य, दृश्य संथ आणि क्षितिज मोठं असल्यामुळे. त्रास व्हायला लागला तर इथं मात्र डोळे मिटायचे. पडदा दिसेनासा झाला की भांडणच मिटतं.

पायरी ८ : पाण्याच्या राइड्स, जिथं वजनाला किंमत आहे

बोटीतून उंच उतार उतरणारी राइड, म्हणजे इमॅजिकातली राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर, ही कोस्टरची धाकटी बहीण. एकच उतार, मग पाणी. पुढच्या ओळीवर बहुधा जास्त पाणी येतं, पण भरवसा कुणाचाच नाही. जाता जाता, राजासॉरस हे काही पार्कवाल्यांनी रचलेलं नाव नाही. गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी या मांसाहारी डायनोसॉरचं वर्णन केलं. ही राइड उन्हाच्या वेळी घ्या. ओल्या कपड्यांनी आणि ओल्या मोज्यांनी दिवसभर हिंडणं हीच खरी शिक्षा.

वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांवर कोस्टरचा नियम उलटतो. तिथं जड माणूस आणि भरलेला तराफा जास्त वेगानं जातो. म्हणूनच तराफ्यात किती जण आणि एकूण किती किलो, हे ठरवून देतात, आणि चौघा दांडग्या मित्रांना वेगवेगळं बसवतात. अंगावर घसरायच्या उभ्या घसरगुंडीत पाठीवर झोपा, घोटे एकमेकांवर, हात छातीवर, आणि खाली पोचेपर्यंत उठून बसू नका.

पायरी ९ : तीच राइड, दुसरी फेरी

आवडलेल्या राइडला दुसऱ्यांदा बसा आणि फरक टिपा. सकाळी पहिल्या फेऱ्यांना कोस्टर किंचित आळसावलेला असतो. चाकं आणि त्यांतलं ग्रीस तापलं की दुपारी तोच कोस्टर जास्त पळतो. पावसात रूळ ओले झाले तर घर्षण कमी होतं, मात्र शंभरच्या वेगाला पावसाचे थेंब तोंडावर खड्यांसारखे बसतात, आणि विजा किंवा जोराचा वारा असला तर उघड्यावरच्या राइड्स बंदच ठेवतात. खोपोलीच्या पावसाळ्यात जाणार असाल तर बंद इमारतीतल्या राइड्स राखून ठेवा आणि उघडीप मिळाली की आधी नायट्रो गाठा.

काही राइड्स मुद्दामच दर वेळी बदलतात. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९९४ साली सुरू झालेल्या टॉवर ऑफ टेररमध्ये लिफ्ट किती वेळा, कुठून कुठवर पडणार हे आता संगणक दर फेरीला वेगळं निवडतो. स्वतःभोवती फिरणाऱ्या डब्यांच्या कोस्टरला संगणकही लागत नाही. कोण कुठं बसलंय त्या वजनाच्या वाटपावर डबा कसा फिरणार ते ठरतं. जोरात हवं असेल तर जड माणसं एका बाजूला, संथ हवं असेल तर समोरासमोर. गोल तराफ्याच्या नदीत तर कोण भिजणार हे कुणालाच सांगता येत नाही.

जत्रेतल्या पाळण्यात हे सगळं पाळणेवाल्याच्या मर्जीवर. गर्दी कमी असली की फेऱ्या वाढतात, रांग लांबली की दोन चकरांत उतरवतात. तिथं बसायचं असेल तर संध्याकाळी लवकर जा, आणि बसण्याआधी खुर्चीची खिट्टी, साखळी आणि पट्टा स्वतःच्या हातानं ओढून बघा. पट्टा नसेल किंवा खिट्टीच्या जागी सुतळी बांधलेली दिसली तर खाली उतरा, दिलेले पैसे परत मागत बसू नका.